वाटेवरचा धर्म

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यात एकोडी नावाचे गाव आहे. धानाची शेती, मालगुजारी काळातील तलाव आणि तालुक्यातून जाणारा नागपूर–रायपूर महामार्ग ही या परिसराची ओळख. धानाची कापणी-मळणी आटोपली की या पट्ट्यात हाताला पुरेसे काम उरत नाही. ज्यांच्या शेताला दुसऱ्या पिकापुरते पाणी नाही, त्यांची मुले मग नागपूर, पुणे किंवा हैदराबादची वाट धरतात. अशा तरुणाच्या पिशवीत असते तरी काय? गाडीभाड्यापुरते पैसे, कोणा ओळखीच्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक आणि बहुधा आईने दिलेली देवाची एक तसबीर. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींचा विचार अर्थशास्त्र करते. तिसरीचा सहसा करीत नाही. तो करावयास हवा, एवढेच सुचविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी उदाहरण घ्यावयाचे ते मात्र झाडीपट्टीपासून दूरच्या, गोव्यातील कॅथलिक समाजाचे.

एकोणिसाव्या शतकात गोव्यातील हजारो तरुण पोटासाठी मुंबईत येऊ लागले. कोणी जहाजांवर खलाशी झाले, कोणी स्वयंपाकी, कोणी शिंपी, तर कोणी वादक. मुंबईत त्यांचे घर नव्हते आणि जहाजाची नोकरी मिळेपर्यंत हाती पैसाही नव्हता. या अडचणीतून ‘कूड’ ही संस्था जन्मास आली. कूड म्हणजे खोली. एकेका गावच्या लोकांनी वर्गणी काढून धोबी तलाव, कावेल या भागांत जागा भाड्याने घेतल्या. धोबी तलावाच्या जेर महाल या इमारतीत अशा अनेक कुडी होत्या. प्रत्येकाची एक पेटी, झोपावयास जमिनीवर पथारी आणि अगदी नाममात्र शुल्क, असा तेथील संसार असे. भिंतीशी गावच्या संताची वेदी असे आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून जपमाळेची प्रार्थना करावी, असा दंडक असे. गावच्या फेस्ताचा दिवस मुंबईतही साजरा होई.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने कुडीकडे पाहिले तर काय दिसते? नव्या माणसाला नोकरीची वार्ता मिळण्याचे ते ठिकाण होते. बेकारीच्या काळात डोक्यावर छप्पर टिकवून ठेवणारा तो एक प्रकारचा विमाच होता, आणि त्याला ना विमापत्र होते ना दलाल. अशा परस्पर साहाय्याच्या व्यवस्थांना नेहमी एक धोका असतो: मदत घ्यावी आणि परतफेडीची वेळ आली की नाहीसे व्हावे, अशी बुद्धी काहींना होते. रोज संध्याकाळी एकत्र गुडघे टेकणाऱ्या माणसांमध्ये हा धोका कमी होतो, कारण तेथे प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो आणि गावातील घरापर्यंत त्याची कीर्ती किंवा अपकीर्ती पोचते. प्रार्थना आणि वर्गणी यांचे हे साहचर्य योगायोगाचे नव्हते.

परंतु कुडीतील श्रद्धेचे मोल केवळ या उपयोगाने मोजणे अन्यायाचे होईल. कॅथलिक धर्मपरंपरेत प्रवासी हा मुळातच महत्त्वाचा आहे. परक्याला आसरा देणे हे तेथे दयेच्या कृत्यांमध्ये गणले जाते. मत्तयाच्या शुभवर्तमानात अंतिम निवाड्याच्या प्रसंगी माणसाला विचारला जाणारा प्रश्न त्याने किती प्रार्थना केल्या हा नाही, तर भुकेल्याला आणि परक्याला त्याने कसे वागविले हा आहे. दयाळू शोमरोनी माणसाचा दृष्टान्त तर सर्वश्रुत आहे. तो घडतो यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या रस्त्यावर. जखमी माणसाला टाळून पुढे जाणारे दोघेही धर्मसेवेशी संबंधित आहेत. थांबतो तो परका. प्रवासात श्रद्धा राखणे म्हणजे गळ्यातील क्रूस न हरवणे एवढेच नव्हे, हे यातून पुरेसे स्पष्ट व्हावे.

फ्रान्सिस झेवियर १५४१ साली लिस्बनहून निघाले आणि १५४२ च्या मे महिन्यात गोव्यास पोचले. पोपचे प्रतिनिधी म्हणून जहाजावर मिळणाऱ्या सवलती त्यांनी नाकारल्या आणि वर्षभराहून अधिक लांबलेल्या त्या प्रवासात आजारी खलाशांची शुश्रूषा केली. त्यांच्या कार्याच्या इतर बाजूंविषयी तीव्र मतभेद आहेत आणि ते असणारच; पण जहाजावरील त्या सेवेचे मोल त्यामुळे उणे होत नाही. मदर तेरेसा यांना आपल्या पुढील कार्याची हाक ऐकू आली तीही १० सप्टेंबर १९४६ रोजी, दार्जिलिंगला जाणाऱ्या आगगाडीत. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली रोमबाहेरच्या पहिल्या भेटीसाठी लाम्पेदुसा हे निर्वासितांचे बेट निवडले, आणि २०१६ साली लेस्बॉसहून परतताना आपल्या विमानातून बारा सीरियन निर्वासितांना सोबत आणले. ते सर्व मुसलमान होते, ही गोष्ट विसरता कामा नये.

विसरता कामा नये, कारण कुडीची मर्यादा नेमकी येथेच होती. कूड आपल्या गावच्या माणसासाठी होती. तिच्यात प्रामुख्याने पुरुषांनाच जागा होती आणि काही ठिकाणी जातिभेदही शिरले होते. आपल्यांना आधार देणे हा मोठा गुण खरा. पण शोमरोनी माणसाने ज्याला उचलले तो त्याच्या गावचा नव्हता. गावाभोवतीचे कुंपण ओलांडल्याशिवाय श्रद्धेची परीक्षा पुरी होत नाही.

ही परीक्षा आपणा सर्वांचीच २०२० साली झाली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि लाखो मजूर पायी निघाले. छत्तीसगड, ओडिशा, झारखंडकडे जाणाऱ्या कित्येकांची वाट विदर्भातूनच जात होती. ८ मे रोजी करमाडजवळ रुळांवर झोपी गेलेले मध्य प्रदेशातील सोळा मजूर मालगाडीखाली सापडून मरण पावले. ज्या देशात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित आहेत, त्या देशात वाटसरूला पाठ टेकण्यास सुरक्षित जागा मिळू नये, याचा अर्थ काय लावावयाचा?

कायदा नव्हता असे नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली स्वतंत्र कायदा झाला. त्यात विस्थापन भत्ता आणि प्रवास भत्ता यांची तरतूद होती. पुढे २०२० च्या कामगार संहितेत तो सामावून घेण्यात आला. पण नावाप्रमाणेच त्याचे संरक्षण राज्याची सीमा ओलांडणाऱ्यासाठी होते. एकोडीचा मुलगा हैदराबादला गेला तर तो या व्याख्येत बसू शकतो. त्याहून किती तरी दूर असलेल्या पुण्याला गेला तर बसत नाही. कायद्याला सीमा दिसते, अंतर दिसत नाही आणि एकटेपण तर मुळीच दिसत नाही.

म्हणून शासनाची जबाबदारी तिळमात्र कमी न लेखता असे म्हणावेसे वाटते की, कुडीचा धडा आपल्या गावांनी घ्यावा. हा विचार आपल्याला परका नाही. याच विदर्भात जन्मलेल्या गाडगे महाराजांनी देवळे न बांधता पंढरपूर, नाशिक येथे धर्मशाळा उभारल्या आणि मुंबईत दूरगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांची सोय पाहिली. वाटसरूची सेवा हीच पूजा, हा त्यांचा आशय आणि शोमरोनी माणसाच्या दृष्टान्ताचा आशय यांत अंतर ते कितीसे? एकोडीसारख्या दहा गावांनी मिळून नागपुरात किंवा पुण्यात चार खोल्या घ्याव्यात, थोडी वर्गणी ठेवावी, बाहेर गेलेल्यांची नोंद ग्रामपंचायतीत असावी, हे अशक्य कोटीतील नाही. मात्र त्यात दोन दुरुस्त्या आवश्यक आहेत: स्त्रियांसाठी तेथे सन्मानाची जागा हवी, आणि एखादी पथारी नेहमी अशा माणसासाठी राखून ठेवावी, जो आपल्या गावचा, जातीचा वा धर्माचा नाही. शहरांतील चर्च, मंदिरे, मशिदी, विहार आणि गुरुद्वारे यांनाही आपल्या रिकाम्या दालनांचा हिशेब या दृष्टीने मांडता येईल.

माणूस गाव सोडतो तेव्हा देव बरोबर नेतो. त्यात नवल नाही. तो देव परमुलखात त्याला कोणत्या रूपाने भेटतो, हे मात्र तेथे दार उघडणाऱ्यावर अवलंबून आहे. आणि आज दार उघडणारा उद्या स्वतःच वाटेवर असू शकतो, हे २०२० सालाने आपल्याला पुरते शिकविले आहे.