खबऱ्यांच्या राज्याचा हिशेब

19 डिसेंबर आला की गोवा मुक्तिसंग्रामातील हुतात्म्यांना आपण आदरांजली वाहतो. ते उचितच आहे. परंतु ज्या यंत्रणेने त्या भूमीतील माणसे वर्षानुवर्षे मुकी केली, तिचा विचार क्वचितच होतो.

28 मे 1926 रोजी पोर्तुगालमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि त्या राजवटीतूनच सालाझारची हुकूमशाही उभी राहिली. 1945 पासून तिचे गुप्त पोलीस ‘पीडे’ या नावाने ओळखले जात. गोव्यात सभांना बंदी होती. लग्नपत्रिकादेखील सेन्सॉरच्या संमतीवाचून छापता येत नसे. राजकीय आरोपींचा न्याय लष्करी न्यायालये करीत. 1946 साली त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना अशाच न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावून पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडले. मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात गेलेले मोहन रानडे 1955 मध्ये सशस्त्र लढ्यात पकडले गेले. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला. रानडे मात्र 1969 पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे, तर भय हेच गुप्त पोलिसांचे भांडवल होय. प्रत्येक घरापुढे शिपाई उभा करणे कोणत्याही सरकारला परवडणारे नाही. परंतु शेजारी खबऱ्या असेल ही शंका एकदा पेरली, की नागरिक आपल्या जिभेवर आपणच पहारा ठेवतो, आणि तोही बिनपगारी!

शिवाय असा एजंट परकाच असतो असे नाही. छळासाठी कुप्रसिद्ध झालेला काझिमिरो मोंतेरो गोव्यातच जन्मला होता. सालाझारचे विरोधक जनरल देल्गादो यांची 1965 साली स्पेनमध्ये हत्या करणाऱ्या ‘पीडे’च्या पथकात तोच होता. 1981 मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरविले, पण त्याच्या गैरहजेरीत. गोव्यात ज्यांना त्याने छळले, त्यांना न्याय मिळालाच नाही.

हे सारे परक्या सत्तेचे पाप म्हणून आपण हात झटकू शकत नाही. आणीबाणीत, 1975 ते 1977 या काळात, लष्कराने सत्ता घेतली नव्हती. तरीही एक लाखाहून अधिक नागरिक खटल्याविना स्थानबद्ध झाले. बसस्टँडवर आणि कचेरीत माणसे आवाज खाली आणून बोलू लागली, ती याच भयापोटी.

1974 च्या क्रांतीनंतर पोर्तुगालने ‘पीडे’ची कागदपत्रे जपली आणि पुढे लिस्बनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ती अभ्यासकांना खुली केली. त्यांतील गोव्याविषयीचे कागद मराठीत व कोंकणीत यावयास हवेत, आणि आणीबाणीतील स्थानबद्धतेच्या नोंदीही आपल्या विद्यापीठांनी अभ्यासावयास हव्यात. पाठ्यपुस्तकातून हौतात्म्य शिकविले जाते. भय कसे निर्माण केले जाते, हेही शिकविले पाहिजे. ज्या समाजाला ती रीत ठाऊक असते, त्याला गप्प करणे सत्ताधाऱ्यांना फार महाग पडते.