लोखंडी गार्ड बसवू नका

संपादक महोदय,

‘आजचे बंपर म्हणजे नुसते प्लॅस्टिक, अँबॅसॅडरचे लोखंडी बंपरच खरे’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला धोकादायक वाटते. प्लॅस्टिक हे फक्त आवरण. त्यामागे फोम, पोलादाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची आडवी पट्टी आणि तिच्या दोन्ही टोकांना पोकळ डबे असतात. धडकेची ऊर्जा हे डबे स्वतः चुरगळत शोषून घेतात. वजन कमी ठेवूनही हे साधते, ते त्यांच्या आकारामुळे.

हिशेब पाहा. ताशी 36 किलोमीटरने जाणारी गाडी 5 सेंटिमीटरमध्ये थांबली, तर आतल्या माणसाला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे शंभरपट झटका बसेल. 50 सेंटिमीटर चुरगळत थांबली, तर दहापट. एवढे अंतर एकटा बंपर देत नाही, पुढची सगळी चौकट देते. पण सुरुवात बंपरपासून होते.

त्या पत्रलेखकाने बंपरपुढे बसवायला सुचवलेला लोखंडी गार्ड तर कोणीही बसवू नये. तो धक्का थेट चासीला पोचवतो, एअरबॅगच्या सेन्सरला चकवू शकतो आणि पादचाऱ्याचे पाय मोडतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच अशा गार्डवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले आहे.

दुरुस्ती महाग पडते, ही त्यांची तक्रार मात्र रास्त आहे. सुट्या भागांच्या किमतींविरुद्ध त्यांनी जरूर लिहावे, मीही लिहीन.

आपला,
एक वाचक, पुणे