वायर अडकली की वेल्डरच दोषी?



फॅब्रिकेशन शॉपमध्ये एक अलिखित कायदा रूढ झाला आहे. सीओटू मशीनची वायर अडकली, फीडरमध्ये गुंता झाला, टिप जळाली की दोष वेल्डरचा! कारखाना भोसरीचा असो, होसूरचा असो वा फरिदाबादचा. चौकशी नाही, तपासणी नाही. "याला टेन्शन लावता येत नाही" एवढा शेरा पुरतो. मग कुठे इन्सेन्टिव्ह कापला जातो, तर कुठे कंत्राटी वेल्डरला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितले जाते.

या आरोपाला मशीनचे झाकण उघडूनच उत्तर दिले पाहिजे.

फीडरमधले रोलर वायरला चिमटीत धरतात आणि लायनरमधून टॉर्चच्या टिपेपर्यंत ढकलतात. ही चिमट किती घट्ट असावी ते टेन्शनचा नॉब ठरवतो. दाब कमी पडला तर रोलर घसरतात, वायर थबकते आणि वितळून टिपेला चिकटते. दाब जास्त झाला तर वायर चपटी होते, तिच्यावरचा तांब्याचा मुलामा खरवडला जातो आणि तो भुगा लायनरमध्ये साचतो. पुढे वाट बंद झाली तरी आवळलेले रोलर ढकलतच राहतात, आणि वायरचे घरटे फीडरमध्येच तयार होते.

योग्य दाब लावण्याची रीत अवघड नाही. टॉर्चची केबल सरळ ठेवावी, नॉब सैल करावा, चष्मा व हातमोजे घालून कोरड्या लाकडी ठोकळ्यावर वायर सोडावी. टॉर्च ठोकळ्यापासून सुमारे ५० मिलिमीटरवर असताना वायर न थांबता यावी आणि वाकून वळावी. तीच १५ मिलिमीटरच्या आसपास आणली तर रोलर घसरले पाहिजेत. या दोन्ही गोष्टी साधतील इतकाच दाब ठेवायचा. स्पूलचा ब्रेकही पाहायचा: बटण सोडल्यावर स्पूल फिरत राहता कामा नये, पण मोटारीला ओढावे लागेल इतका तो घट्टही नको. हे सारे काही मिनिटांचे काम आहे.

मग वेल्डर नॉब आवळतो तरी का? काही जण आवळतात, हे खरे आहे. पण लायनर भुग्याने भरलेला, रोलरची खाच झिजलेली, १.२ च्या वायरला ०.८ ची खाच, टिपेचे भोक अंडाकृती झालेले आणि डोक्यावर शिफ्टचे टार्गेट! अशा मशीनवर वायर कशीबशी चालू ठेवायची तर नॉब आवळण्यावाचून दुसरा उपाय त्याच्या हाती उरत नाही. ॲल्युमिनियमच्या मऊ वायरला यू आकाराच्या खाचेचे रोलर आणि हलका दाब लागतो. फ्लक्स भरलेल्या वायरला दातेरी रोलर लागतात. जादा दाबाने ती पोकळ वायर चेपली जाते. हे रोलर स्टोअरमधून देणे कोणाचे काम? वेल्डरचे की व्यवस्थापनाचे? लायनरचे पैसे वाचवायचे आणि वाया गेलेल्या वायरची किंमत मजुरीतून वसूल करायची, याला उत्पादकता म्हणत नाहीत. ही मजुरीची चोरी आहे.

कायदाही याबाबत मुका नाही. नुकसानीपोटी मजुरी कापायची तर ते नुकसान थेट कामगाराच्या हयगयीमुळे झालेले असले पाहिजे, त्याला बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, आणि कपात नुकसानीच्या रकमेपेक्षा जास्त असता कामा नये. हे तत्त्व १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात होते. २०१९ च्या वेतन संहितेतही ते कायम आहे. सुपरवायझरचा तोंडी शेरा म्हणजे चौकशी नव्हे.

आता दोन शब्द आपल्याच साथींना. "नॉब आणि रोलर हा युनियनचा विषय नाही, आपण महागाई भत्त्याचे बोलावे," असे म्हणणारे कार्यकर्ते आपल्यातही आहेत. त्यांना विचारावेसे वाटते की वाटाघाटीत मिळवलेला रुपया शॉप फ्लोअरवर आरोपाच्या एका ओळीने परत जात असेल, तर तो करार कितीसा टिकला? मशीनचे ज्ञान हे चौकशीतले आपले पहिले हत्यार आहे. ज्या प्रतिनिधीला झिजलेला रोलर ओळखता येतो, त्याच्यासमोर खोटा शेरा टिकत नाही.

म्हणून पुढच्या मागणीपत्रात तीन कलमे घाला. शिफ्टच्या सुरुवातीला आणि स्पूल बदलताना फीडर लावण्याचा वेळ कामाचा वेळ म्हणून धरावा व टार्गेटमधून वजा करावा. लायनर, रोलर व टिपा व्यवस्थापनाच्या खर्चाने वेळेवर मिळाव्यात आणि त्या कधी बदलल्या याची नोंद मशीनजवळ लटकवावी. नव्या वेल्डरला, तो कायम असो वा कंत्राटी, पगारी वेळेत हे शिक्षण मिळावे.

तोवर प्रत्येकाने एवढे करावे: वायर अडकली की नॉबला हात लावण्याआधी लायनर, खाच व टिप तपासा, दोष लेखी कळवा आणि प्रत स्वतःजवळ ठेवा. व्यवस्थापनाने मशीनची निगा राखावी; वेल्डची जबाबदारी घ्यायला वेल्डर समर्थ आहे.