मर्दन करणारे हात

कोल्हापूरच्या तालमीत लढती आटोपल्या की पहिलवान एकमेकांचे अंग रगडतात. धाकटा थोरल्याचे, जोडीदार जोडीदाराचे. त्याला कोणी उपचार म्हणत नाही. तो मेहनतीचाच भाग मानला जातो.

याच मातीतले खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीस गेले आणि कुस्तीत कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परंतु तेथील एक प्रसंग मनाला टोचतो. जपानच्या इशीशी दीर्घ झुंज झाल्यावर लगेच त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभे करण्यात आले. मध्यंतरी अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता. पण त्यासाठी भांडणारा भारतीय अधिकारीच जवळ नव्हता, असे सांगतात. मग थकलेले दंड चोळणारा कोठून असणार?

मालिशने वेग वा बळ वाढत नाही, स्नायूंचे दुखणे मात्र काहीसे कमी होते, असे अलीकडील संशोधन सांगते. मला एवढेही पुष्कळ वाटते. (आमच्या कोकणी घरात न्हाण्यापूर्वी खोबरेल चोळणाऱ्या आजीला हे ठाऊकच होते म्हणा!)

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या ग्वाल्हेरीत लक्ष्मीबाईंच्या नावाची शारीरिक शिक्षणाची संस्था १९५७ पासून आहे. खेळाडू होण्याची हौस तुम्हांपैकी अनेकांना असेल. ही विद्या शिकण्याची कोणाला का नसावी? मोठ्या स्पर्धेस निघालेल्या चमूत असा जाणकार पहिल्या दिवसापासून हवा, आयत्या वेळी शोधलेला नव्हे. अनोळखी हाताने आदल्या दिवशी जोराने रगडले तर ऐन सामन्यात अंग ठणकते. तालमीतल्या जोडीदाराला मात्र कोणता खांदा दुखरा, हे सांगावे लागत नाही.