ओटीपी सांगण्याची सवय कोणी लावली ?

शेतकऱ्याच्या घरातील मोबाईल फोन हे आता केवळ बोलण्याचे साधन राहिलेले नाही. 2019 साली पंतप्रधान किसान सन्मान निधी योजना सुरू झाली आणि वर्षाकाठी 6,000 रुपये तीन हप्त्यांनी परस्पर बँक खात्यात जमा होऊ लागले. 2021 पासून ई-पीक पाहणीमुळे उभ्या पिकाची नोंदही शेतकऱ्याने आपल्या फोनवरून करावयाची, अशी पद्धत राज्यभर सुरू झाली. महाडीबीटीवरील अर्ज, पीक विमा, शेतकरी ओळख क्रमांक ही कामेही हळूहळू याच यंत्रावर येऊन ठेपली. पूर्वी सातबारा, खातेपुस्तक आणि सोसायटीच्या पावत्या ज्या पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवल्या जात, तिची जागा आज बंडीच्या खिशातील फोनने घेतली आहे. पेटीची किल्ली मात्र गावात कोणाच्याही हाती सहज दिली जात आहे, ही चिंतेची बाब होय.

फसवणुकीच्या तक्रारी आल्या की सूचनाफलक लागतात. ‘ओटीपी कोणासही सांगू नये’ हे वाक्य बँकेच्या भिंतीवर आहे, रेडिओवर आहे, फोन लावताना ऐकू येणाऱ्या ध्वनिमुद्रित सूचनांतूनही ते अनेकांनी ऐकले आहे. तरीही शेतकरी तो सांगतो. तो अडाणी आहे म्हणून सांगतो, असा समज शहरात सर्रास आढळतो. परंतु तो खरा नाही. ओटीपी सांगण्याची सवय त्याला लावण्यात आली आहे, आणि ती लावणाऱ्यांत सरकारी योजनांचे काम गावात करणारे कार्यकर्ते व सेवा केंद्रांचे चालक यांचा वाटा मोठा आहे. हे कटू असले तरी मान्य केल्यावाचून पुढचा उपाय सुचणार नाही.

एखाद्या गावच्या चावडीत ई-केवायसीचे शिबिर भरले आहे, असे समजा. सकाळपासून साठ-सत्तर माणसे ताटकळत उभी आहेत. सर्व्हर दोनदा बंद पडून पुन्हा सुरू झाला आहे. टेबलाशी बसलेला कार्यकर्ता आधार क्रमांक टाकतो आणि मान वर न करता म्हणतो, “काका, ओटीपी सांगा.” काकांना वाचता येत नाही, म्हणून ते फोनच पुढे करतात. कार्यकर्ता संदेश उघडतो, सहा आकडे पाहतो, टाकतो आणि फोन परत देतो. काकांचे काम होते, हप्ता येतो आणि त्यांच्या मनावर एक गोष्ट ठसते : समोरचा माणूस सरकारी कामाचे नाव घेतो, आकडे मागतो, आकडे सांगितले की पैसे मिळतात. पुढे महिन्याभराने एखादा अनोळखी आवाज फोनवरून म्हणतो, “काका, तुमचा किसान हप्ता अडकला आहे, आलेले आकडे सांगा.” तेव्हा काका भोळेपणाने फसत नाहीत; चावडीत जे शिकविले गेले तेच ते इमानाने पुन्हा करतात.

म्हणून फलकावरील वाक्य शेतकऱ्याच्या दृष्टीने निरर्थक झाले आहे. कोणासही सांगू नये म्हणतात आणि मागतातही तेच ! हा विरोध शेतकऱ्याने कसा सोडवावा ?

ओटीपी म्हणजे एकाच वेळी, एकाच कामासाठी वापरावयाचा सांकेतिक क्रमांक. आधारची पडताळणी असो वा बँकेतून रक्कम पाठविणे असो, यंत्राचा प्रश्न एकच असतो : हे काम खातेदाराच्या संमतीने होत आहे काय ? आकडे भरले गेले की यंत्र ती संमती समजते. आकडे कोणी भरले, फसवून घेतले की समजून दिले, हे त्याला कळत नाही. तेव्हा आकड्यांपेक्षा त्यांच्या मागेपुढे लिहिलेला मजकूर अधिक महत्त्वाचा असतो. ओटीपी कोणत्या कामासाठी आला आणि बँकेचा असल्यास किती रुपयांसाठी आला, हे बहुधा त्याच संदेशात लिहिलेले असते. चावडीत मात्र आकडे तेवढे उचलले जातात, मजकूर कोणी वाचत नाही. हे संदेश बव्हंशी इंग्रजीत असतात, ही त्यातील आणखी एक अडचण. शेतकऱ्याच्या संमतीचा कागद त्याला न कळणाऱ्या भाषेत पाठवावा आणि मग त्याने तो वाचला नाही म्हणून त्यास दोष द्यावा, हे न्यायाचे नव्हे. बँकांनी हे संदेश मराठीत पाठविण्याची सोय करावी, अशी मागणी गावोगावच्या ग्रामसभांनी करण्यासारखी आहे.

महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला हा प्रकार नवा नाही. न वाचलेल्या कागदावर अंगठा उमटविल्याने काय होते, हे त्याच्या पूर्वजांनी सोसले आहे. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले आणि त्यांनी कर्जरोखे जाळले. हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. त्यानंतर 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा जो कायदा झाला, त्यात शेतकऱ्याचा दस्तऐवज गावपातळीवर नेमलेल्या निबंधकासमोर व्हावा, अशी तरतूद होती. अंगठा उमटण्यापूर्वी कागदात काय आहे हे त्रयस्थ व जबाबदार माणसाच्या देखत स्पष्ट व्हावे, हे त्यामागील तत्त्व. आज हे त्रयस्थ माणसाचे काम गावातील कार्यकर्त्याकडे आलेले आहे, मग त्याच्या नेमणुकीच्या कागदात ते लिहिलेले असो वा नसो.

यास्तव कार्यकर्त्याने आपल्या कामाची रीत बदलणे अगत्याचे आहे. शेतकऱ्याचा फोन शेतकऱ्याच्याच हाती राहावा. संदेश आल्यावर कार्यकर्त्याने प्रथम त्यातील मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा व मराठीत सांगावा : “हा आधारचा ओटीपी आहे, किसान योजनेच्या पडताळणीसाठी आहे, यात पैशांचा संबंध नाही.” मग आकडे शेतकऱ्याने स्वतः टाकावेत. टाकता येत नसतील तर कळफलकावर त्याचे बोट नेऊन टाकवून घ्यावेत. पहिल्या खेपेस बोट थरथरेल, चूक होईल, पुन्हा ओटीपी मागवावा लागेल, तथापि तिसऱ्या खेपेस तोच शेतकरी संदेश उघडून “हा कशाचा?” असे आपणहून विचारू लागेल. हा प्रश्न विचारण्याची सवय शंभर फलकांपेक्षा मोलाची आहे.

यावर कार्यकर्त्यांचा आक्षेप ठरलेला आहे : एवढा वेळ कोठून आणावा ? आक्षेप खोटा नाही. वरून उद्दिष्ट दिलेले असते, मुदत तोंडावर आलेली असते, आणि सर्व्हर दुपारी चालेल की नाही याची शाश्वती नसते. परंतु एका माणसामागे दोन मिनिटे वाचवून त्याच्या वर्षाच्या कमाईस धोका पत्करावयाचा, हा व्यवहार तोट्याचाच ठरतो. वरिष्ठांनीही शिबिराचा आढावा घेताना किती पडताळण्या झाल्या एवढेच न विचारता, त्यांपैकी किती शेतकऱ्यांनी आकडे स्वतः टाकले, हेही विचारावयास हवे.

आणखी एक तडजोड केली जाते व ती अधिक घातक आहे. शेतकऱ्याजवळ फोन नसला की अर्जात केंद्रचालकाचा, दुकानदाराचा अथवा शेजाऱ्याचा क्रमांक टाकून वेळ निभावली जाते. त्या दिवसाचे काम होते खरे. पण पुढे त्या कामाचे सर्व संदेश परक्याच्या खिशात जाऊ लागतात. असाच क्रमांक बँकेत दिलेला असेल, तर खात्यातून पैसे निघाले तरी मालकास पत्ता लागत नाही. काही घरांत आईवडिलांच्या खात्याला पुण्या-मुंबईस राहणाऱ्या मुलाचा क्रमांक जोडलेला असतो आणि शिबिराच्या दिवशी मुलगा तिकडून फोनवर आकडे सांगतो. मुलगा घरचा आहे, हे ठीक. परंतु पलीकडे बोलणारा माणूस शिबिरातीलच आहे, याची खात्री त्यालाही नसते. साधा बटनांचा फोन का होईना, खातेदाराचा स्वतःचा क्रमांक खात्याला व आधारला जोडून घ्यावा.

अलीकडे ओटीपी विचारण्याचीही गरज उरू नये, असा मार्ग भामट्यांनी शोधला आहे. व्हॉट्सॲपवरील गावाच्या गटात एक फाईल येते. नाव किसान योजनेचे, लाभार्थी यादीचे अथवा वाहनाच्या दंडाचे असते आणि नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ही यादी नव्हे, फोनमध्ये बसणारा कार्यक्रम असतो. तो बसविताना अनोळखी ठिकाणाहून आल्याचा इशारा फोन बहुधा देतो. तो इशारा डावलून पुढे गेल्यास हा कार्यक्रम संदेश वाचण्याची परवानगी मागतो, आणि एकदा ती मिळाली की आलेला प्रत्येक ओटीपी मालकाच्या नकळत भामट्याकडे जातो. दुःखाची गोष्ट ही की अशी फाईल गटात पुष्कळदा ओळखीच्याच माणसाच्या नावाने येते, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. कोणताही शेतकरी रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडून शिवण उसवलेली, खूणचिठ्ठी नसलेली बियाण्याची पिशवी घेत नाही; प्रमाणित बियाण्याची निळी चिठ्ठी तो पाहून घेतो. तीच दृष्टी येथे हवी. ॲप प्ले स्टोअरमधून, तेही बनविणाऱ्याचे नाव पाहून घ्यावे. केंद्र वा राज्य सरकारचे संकेतस्थळ म्हणविणाऱ्या पत्त्याचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ असा आहे की नाही हे पाहावे. तसेच 2025 पासून सरकारी एसएमएस पाठविणाऱ्याच्या नावाशेवटी ‘जी’ हे इंग्रजी अक्षर जोडण्याची पद्धत सुरू झाली आहे. कार्यकर्त्यांनी स्वतःही गटात एपीके फाईल कदापि टाकू नये, मग ती खरी का असेना. खरी एकदा स्वीकारली गेली की खोटीही स्वीकारली जाते.

यूपीआयच्या पिनाविषयी फार सांगावयास नको. पिन हा पैसे देण्यासाठी अथवा शिल्लक पाहण्यासाठी असतो; पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. म्हैस किंवा जुना ट्रॅक्टर विकावयास काढला असता ‘रक्कम पाठवितो, हे चित्र स्कॅन करून पिन टाका’ असे सांगणारे गिऱ्हाईक हे गिऱ्हाईक नसते.

बोटाच्या ठशाविषयी मात्र गावात अधिक जागरूकता हवी. आधारवर आधारलेल्या व्यवहारात ना कार्ड लागते ना पिन. बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोट एवढ्यावर पैसे निघतात. शेतीकामाने झिजलेल्या बोटांचा ठसा पुष्कळदा उमटत नाही, हे खरे. परंतु ‘उमटला नाही, पुन्हा ठेवा’ असे सांगितले गेल्यास यंत्राच्या पडद्यावर काय दिसते ते पाहण्याचा व प्रत्येक वेळची पावती मागण्याचा खातेदारास अधिकार आहे. एरवी बोट वापरावयाचे नसेल तर आधारच्या संकेतस्थळावरून किंवा एमआधार ॲपमधून ठशांना कुलूप लावण्याची सोय आहे. गरज पडेल तेव्हा ते उघडता येते. मात्र कुलूप असताना ठशाने होणारी कामे होणार नाहीत, हे लाभार्थ्यास आधी समजावून द्यावे, नाहीतर शिबिराच्या दिवशी खोळंबा होतो. किसान योजनेच्या ॲपमध्ये चेहऱ्यावरून पडताळणीची सोय 2023 मध्ये झाली आहे, तिचा वृद्धांना उपयोग होतो.

एवढे करूनही फसगत झालीच तर लाजेने गप्प बसणे सर्वांत महाग पडते. रिझर्व्ह बँकेने 2017 साली घालून दिलेल्या नियमांप्रमाणे, खातेदाराने स्वतः गुप्त क्रमांक दिल्यामुळे नुकसान झाले असेल तर बँकेस कळविण्यापर्यंतचा तोटा त्याच्याकडे येतो आणि कळविल्यानंतरचा बँकेकडे. तेव्हा ‘उद्या बाजाराला जाऊ तेव्हा शाखेत सांगू’ या विचाराची किंमत मोजावी लागते. आधी फोनचे इंटरनेट बंद करावे, मग दुसऱ्या फोनवरून 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. बँकेचे नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ व संदेशातील व्यवहार क्रमांक जवळ ठेवावा. पैसे भामट्याच्या हाती पडण्यापूर्वी बहुधा एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतात. तक्रार लवकर गेली तर ते वाटेतच गोठविता येतात. त्यानंतर लगेच बँकेस कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. शेतकरी ज्याप्रमाणे बियाण्याची पिशवी, चिठ्ठी व पावती पीक हाती येईपर्यंत जपून ठेवतो, त्याप्रमाणे आलेले संदेश पुसून टाकू नयेत.

कार्यकर्त्यानेही अशा वेळी ‘कशाला सांगितले ?’ असे विचारून फसलेल्या माणसास चारचौघांत खाली पाहावयास लावू नये. त्याचा पहिला प्रश्न ‘किती वाजता ?’ हा असावा. ग्रामपंचायतीच्या फलकावर खत-बियाण्याच्या सूचनांशेजारी 1930 हा क्रमांक व जवळच्या बँक शाखेचा फोन क्रमांक ठळक अक्षरांत रंगवून घ्यावा, आणि पुढील शिबिर सुरू करण्यापूर्वी तो तेथे आहे की नाही, हे कार्यकर्त्याने एकदा पाहून घ्यावे.