आठव्या जगातला मारिओ

टीव्हीला जोडून खेळायचे जुने व्हिडिओ गेम नव्या डब्यात भरून पुन्हा बाजारात आले आहेत. मुठीत मावेल एवढा संच, त्यात शेकडो खेळ. ज्यांचे बालपण १९९० च्या दशकात गेले ते आईबाप तो मुलांच्या नावाने घेतात आणि रात्री स्वतःच खेळत बसतात, असा प्रकार आमच्या यवतमाळातही चालू आहे. वाचकांपैकी अनेकांच्या घरी तो असेलच. त्यातला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ काढून पाहावा.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने हा खेळ १३ सप्टेंबर १९८५ रोजी बाजारात आणला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला, संगीत कोजी कोंडो यांचे. आठ जगे, प्रत्येकात चार टप्पे, एकूण ३२. एवढा सगळा पसारा अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवला आहे. आज व्हॉट्सॲपवर येणारा सुप्रभातचा एक फोटोही याहून जड असतो. जागा वाचावी म्हणून आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचे चित्र एकच ठेवले, फक्त रंग बदलला. गरिबाच्या संसारात जुन्या लुगड्याची गोधडी होते, तसलाच हा हिशोब.

आपल्याकडे मूळ यंत्र फार थोड्यांनी पाहिले. आले ते नक्कल संच, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांचे. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असे छापलेले असायचे, आत पाच-पंचवीस खेळ आणि पुढे तेच ते पुन्हा. आमच्या वस्तीत असा संच एकाच घरी होता, एस.टी.त वाहक असलेल्या काकांकडे. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. या खेळात ताकद देणारी छत्री आणि एक जीव वाढवणारी छत्री यांत फरक रंगाचाच आहे. आम्हांला दोन्ही करड्याच दिसायच्या. छत्री म्हणजे कुत्र्याची छत्री, शहरातले लोक जिला मशरूम म्हणतात ती.

खेळ अवघड होता हे खरे. तीन जीव संपले की पहिल्यापासून सुरुवात. डाव जतन करून ठेवण्याची सोय नाही. मूळ खेळात एक चोरवाट आहे: डाव संपल्यावर ए बटण दाबून धरायचे आणि स्टार्ट दाबायचे, म्हणजे ज्या जगात मेलो त्याच जगाच्या आरंभापासून खेळता येते. आम्हांला हे सांगणारे कोणी नव्हते. आठव्या जगात तर टप्प्याच्या मध्यावर मेले तरी टप्पा मुळापासून करावा लागतो. याच खेळाचा दुसरा भाग जपानात १९८६ मध्ये निघाला. तो इतका कठीण ठरला की अमेरिकेत पाठवलाच नाही. तिकडे १९८८ मध्ये वेगळ्याच खेळाला ते नाव देऊन विकले.

परंतु पहिला खेळ अन्यायी नाही. खड्डा काल होता तिथेच आज असतो. कासव जिथून निघायचे तिथूनच निघते. दहादा पडणाऱ्या पोराचा अंगठा अकराव्या वेळी आपोआप थांबतो. आमच्यापैकी कोणी आठव्या जगात गेले नाही, त्याची कारणे खेळाबाहेरची होती. लाईन गेली की डाव गेला, आणि आपल्या जिल्ह्यात लाईन केव्हा जाईल याचा भरवसा नव्हता. गेम खेळल्याने टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते असा मोठ्यांचा पक्का समज होता, म्हणून तासाभरात वायर काढली जायची.

आणि मुलींना रिमोट दुसरा मिळायचा. दोघांच्या खेळात पहिला खेळणारा मेल्याशिवाय दुसऱ्याची पाळी येत नाही. पहिला मारिओ, दुसरा लुइजी. चांगला खेळणारा पोट्टा मरतच नसे. माझी ताई दुपारभर हातात रिमोट धरून बसून राहायची.

पण बसून ती पाहात होती. जुन्या वहीच्या मागल्या पानावर तिने लिहून ठेवले होते: पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात छतावरून पळत शेवटापर्यंत गेले की चौथ्या जगाचा पाइप लागतो. चौथ्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात न दिसणाऱ्या विटांवर चढून वेल काढली की आठव्या जगाचा. दहावीनंतर तिचे शिक्षण थांबले, कापूस वेचायला जाऊ लागली, मग लग्न. वही कुठे गेली कोणास ठाऊक.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली. माझ्या मुलीने तिच्या हाती रिमोट दिला, आणि तो पहिला रिमोट होता. चष्मा पुसून ती बसली. छतावर गेली, वेल काढली, न दिसणाऱ्या विटा नेमक्या जागी डोक्याने फोडल्या. “आत्या, तुला कसं माहीत?” मुलगी विचारत होती. ताईचे लक्ष नव्हते. “थांबला का मेला हा. त्याले धावू दे,” एवढेच म्हणाली. आठव्या जगाचा पहिला टप्पा लांबलचक आहे, घड्याळ ३०० वरून सेकंदापेक्षा भराभर उतरते. तिथे ती सात वेळा मेली. मध्येच वर पाहून म्हणाली, “आज लाईन नाही गेली का?”

संचात डाव जतन करण्याचे बटण होते. मुलीने दाखवले. ताईने जरा विचार केला आणि वापरले. घरी भांडी पडली आहेत, मुळापासून करायला वेळ कोणाला आहे, असे तिचे म्हणणे. मला ते बरोबर वाटले.

तिसऱ्या टप्प्यातले हातोडे फेकणारे जोडीदार ओलांडून ती शेवटच्या किल्ल्यात शिरली. तो किल्ला म्हणजे भुलभुलैया. ठरलेल्या पाइपातच शिरावे लागते, चुकले की मागच्याच जागी. एक तुकडा पाण्याखालचा आहे. तेवढ्यात तिची गाडी निघायची वेळ झाली.

संच आमच्याकडेच आहे. रविवारी संध्याकाळी ताईचा फोन येतो, माझ्यासाठी नव्हे. कोणता पाइप मागे नेतो, कोणता पुढे, हे मुलगी तिला वाचून दाखवते. वही नवी घेतली आहे.