गाडीतळ आणि वाहनतळ

माझे वडील सोलापुरात एका वाहनतळावर पावत्या फाडतात. लोक गाडी लावून आपापल्या कामाला जातात. वडील मात्र सकाळी नऊपासून सायंकाळी सातपर्यंत तेथेच असतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पायांखाली सिमेंट, भोवती तापलेल्या गाड्या आणि सावली म्हणाल तर एका छत्रीची! गेल्या उन्हाळ्यात ते भोवळ येऊन पडले. तेव्हापासून मी या जागेचा विचार करू लागलो.

आमच्या गावच्या बाजारातही पूर्वी गाडीतळ होता. आजोबा सांगत, बैलगाड्या चिंचेखाली सोडायच्या. बैलाला सावली हवी, हे कोणाला शिकवावे लागले नाही. मग शिकल्यासवरल्या शहराला ते का सुचू नये?

कोणी म्हणेल, गाड्यांनाच जागा पुरत नाही, तेथे झाडे कोठे लावणार? मला हे पटत नाही. एका मोटारीला सुमारे अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा पुरते. समोरासमोरच्या दोन रांगांमध्ये मीटर-दीड मीटरचा मातीचा पट्टा सोडला, तर त्यात कडुनिंब, करंज लावता येतील. हा पट्टा थोडा खोलगट ठेवावा. हजार चौरस मीटर सिमेंटवर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर २५ हजार लिटर पाणी होते. आज ते गटारात जाते. उद्या झाडांच्या मुळाशी जाईल. आपली काळी माती पाणी सावकाश पिते, म्हणून तळाशी खडी-वाळूचा थर हवा. गाड्या उभ्या राहतात तेथे जाळीदार ठोकळे बसवून त्यांच्या भोकांत गवत लावावे.

जुनी झाडेही बुंध्यापर्यंत सिमेंटने आवळू नयेत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवती एक मीटरपर्यंतचे सिमेंट काढण्याचा आदेश दिला होता. त्यासाठी आपणही आदेशाचीच वाट पाहायची का?

वाहनतळाचा नकाशा काढताना गाड्या मोजतात. तेथे दिवसभर उभा राहणारा माणूसही मोजावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

मित्रहो, सुरुवात आपल्या महाविद्यालयाच्या वाहनतळापासून करू या. खड्डे खणायला मी पहिला येईन. आमच्या घरात कुदळ जुनी आहे. लेखणीच काय ती नवी!